हलती तारीख

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो एकदाचा. बस फाट्यावर सोडून गेली आणि तिथून पुढे नुसता चढ. बॅग ओढत वर येईस्तोवर जीव मेटाकुटीला आला, पण वर आल्यावर सगळा शीण गेला. पांढरी दुमजली इमारत, पाठीमागे उंच झाडं, समोर लांबलचक व्हरांडा. त्यात वेताच्या खुर्च्या टाकून आजारी माणसं उन्हाला बसलेली. कुणी विणतंय, कुणी पेंगतंय. कंपनीनं आमचं खातंच बंद केल्यापासून घरात माश्या मारत बसलो होतो. त्यापेक्षा ताईनं या आरोग्यधामात संगणकाच्या कामाला बोलावलं, हे शतपटीनं बरं.

ताई पायरीवरच उभी होती. मी आठवीत असताना ती इथे नोकरीला आली, ती इथलीच झाली. सुट्टी मिळत नाही म्हणून घरी कधी फिरकली नाही. आईच्या शेवटच्या दिवसांतही नाही. फोन मात्र दर आठवड्याला. मला वाटलं होतं, तिला ओळखायला वेळ लागेल. कसला वेळ! तीच वेणी, तोच हडकुळा गळा, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. माझ्या कानशिलांवर पांढरे केस आलेत आणि ही अजून पंचविशीतली. म्हटलं, ताई, आता तूच मला दादा म्हणत जा. ती हसली आणि हसता हसता खोकली. धुळीनं होतं म्हणाली. मग माझा हात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. मला इतक्या वर्षांनी कुणी समोरासमोर ढब्बू म्हणून हाक मारली.

आत गेल्या गेल्या तिनं संगणकात माझी फाईल केली. इथे राहणाऱ्या प्रत्येकाची असते, त्याशिवाय स्वयंपाकघर ताट वाढत नाही म्हणे. माझी जन्मतारीख तिला पाठ होती. बरं वाटलं.

खोली छान आहे. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काम समजलं. प्रत्येक रुग्णाची एक साधी मजकुराची फाईल. चौकटी नाहीत, रंग नाहीत, नुसती अक्षरं. वर नाव, मग आजार, मग प्रवेशाची तारीख. खाली पुढच्या तपासणीची, औषध संपण्याची, चादर बदलण्याची, आणि अगदी शेवटी घरी जाण्याची. ताई या सगळ्या तारखा रोज सकाळी बोटांवर मोजून हातानं टाकते. वीस वर्षं! म्हटलं, ताई, हे म्हणजे नळ घरात असताना विहिरीवर जाणं झालं.

मॅक्रो म्हणजे काही जादू नाही. संगणकाला एकदा शिकवून ठेवलेलं काम, इतकंच. तारखेच्या जागी खुणेचा शब्द लिहायचा, बटण दाबलं की हिशेब होऊन तिथे तारीख उमटते. डोकेदुखी असते ती महिनाअखेरीची. तीस जानेवारीत एक महिना मिळवला तर फेब्रुवारीत तीस तारीख आणायची कुठून? आज दुपारभर त्याच्याशी झटापट केली आणि जिंकलो.

ताईला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. तारखा दोन जातींच्या. पक्की तारीख एकदा उमटली की काळ्या दगडावरची रेघ. हलती तारीख 'आज' धरून मोजते, म्हणून फाईल उघडाल त्या दिवशी नवी. 'आजपासून पंधरा दिवस' असं लिहिलं, तर ते पंधरा दिवस कधी सरणारच नाहीत. म्हणून नमुन्याच्या कोऱ्या फाईलमध्ये घरी जाण्याची तारीख मी प्रवेशापासून मोजणारी केली, आणि पक्की. ती लक्ष देऊन ऐकत होती. शाळेत ती मला गणित शिकवायची. आज उलटं झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. व्हरांड्यात ओळखी केल्या. मास्तरीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. माझ्या पडद्यावरचा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ लांबूनच पकडला त्यांनी. रक्ताचा कसलासा आजार आहे, पण त्यापेक्षा नडगीच्या जखमेनं त्रासल्या आहेत. इथे आल्या त्याच दिवशी न्हाणीघरात पाय घसरला होता. मुलगा पंधरा दिवसांसाठी म्हणून सोडून गेला. मग कधी न्यायला येतोय, असं विचारलं तर म्हणाल्या, अहो, पंधरा दिवस झाले की.

कात्रीकाकांचं गावात केस कापायचं दुकान होतं. अजून सदऱ्याच्या खिशात कात्री असते. म्हटलं, काका, इथे तर आयतं गिऱ्हाईक आहे. ते म्हणाले, इथे कुणाचे वाढतात? मी हसलो. ते हसले नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईशी थोडी खटकाखटकी. तिला घरी जाण्याची तारीख हलतीच हवी आहे. म्हटलं, मग कुणी घरी कसं जाणार? ती म्हणाली, मोठे डॉक्टर तपासून सांगतील त्या दिवशी पक्की करायची, तोवर नुसती अंदाजाची. रोज सकाळी ती हातानं पुढे ढकलत होती, तेच आता आपोआप व्हावं. पहाटे, कुणी बटण न दाबता.

मला हे पटलं नाही. पण तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ढब्बू, वीस वर्षांत मी एक सकाळ निवांत उठलेली नाही. आजारी असले तरी, आई गेली त्या दिवशीही, मी इथे बसून तारखा टाकत होते. दिलं करून. पहाटे संगणक आपला आपण जागा होतो, सगळ्या फायली उघडतो, तारखा एक दिवस पुढे सरकवतो.

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक विचित्र गोष्ट. आल्यापासून मी दाढीच केलेली नाही. आज आरशात बघताना लक्षात आलं. हनुवटी आलो त्या दिवसासारखीच गुळगुळीत. नखंही तेवढीच.

मास्तरीणबाईंची पट्टी बदलताना आज मी मदतीला होतो. जखम ओली आहे, लालभडक, जणू आत्ताच लागली. विचारलं, किती दिवस झाले हो? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, मी आले तेव्हा माझा नातू रांगत होता. परवा त्याच्या कॉलेजचा फोटो आला.

ताईला सांगितलं. ती म्हणाली, म्हातारपणी जखमा भरत नाहीत रे. हे तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पक्की करण्याची सोय नीट चालते का, ते तपासून बघू म्हणाली ताई. रुग्णांच्या फाईलवर नको, माझ्याच फाईलवर बघ. पहिल्या क्रमांकाची. मी फाईल उघडलीही नाही, क्रमांक टाकला, बटण दाबलं, पडद्यावर 'पक्की' असं आलं. झालं.

मागे वळलो तर ती दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपत होती, आंधळ्या माणसानं दुसऱ्याचा चाचपावा तसा. मग हात बघितले, पालथे, उताणे. मग खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. खोकला आला नाही. ती रडायला लागली. मी घाबरून विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, तू किती हुशार आहेस.

संध्याकाळपासून मलाच घशात खवखवतंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई गेली.

खिडकीतून दिसली. हातात पिशवी, अंगावर जुना निळा स्वेटर. मी हाका मारल्या. तिनं वळून पाहिलं नाही. रस्ता उतरून समोरच्या टेकडीचा चढ चढला तिनं, भरभर, कुठे न थांबता. मी जिन्यावरून खाली धावलो तर दुसऱ्याच पायरीला मला दम लागला. छातीत सुया. रुमालावर थोडं लाल पडलं.

चिठ्ठी नाही, निरोप नाही. चहाचा कप विसळून पालथा घालून गेली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल निघालो होतो इथून. दुपारची बस पकडली, गावात उतरलो, स्टँडसमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. खोलीला आतून कडी लावल्याचं पक्कं आठवतं.

सकाळी जाग आली ती इथल्या पलंगावर. बॅग कोपऱ्यात, कपडे घड्या घालून कपाटात. बुटांच्या तळव्यांना गावातला डांबरी चिखल.

कात्रीकाकांना सांगितलं. ते जराही चकित झाले नाहीत. म्हणाले, सगळे एकदा जाऊन बघतात. जिथे फाईल तिथे माणूस. डोळा लागला की संपलं.

त्यांना इथे कुणी आणलं, विचारलं. सख्ख्या मेहुण्यानं. चार दिवस हवापालट कर म्हणाला होता.

२२ फेब्रुवारी

ताईनं फोन उचलला. मागे रहदारीचा आवाज होता, कुणी मोठ्यानं हसत होतं. मी ओरडलो, शिव्या दिल्या, मग रडलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं ते असं:

ती इथे नोकरीला आलीच नव्हती. फुप्फुसं सडली होती तिची. बाहेरच्या डॉक्टरांनी काही महिने दिले होते. आईनं तिला नोकरी लागली म्हणून खोटं सांगून इथे आणलं आणि घरी आम्हालाही तेच सांगितलं. इथे कुणी मरत नाही, एवढंच आईला हवं होतं. ताई म्हणाली, मी फक्त जिवंत हवी होते रे तिला, जगले नाही तरी चाललं असतं.

म्हटलं, आईनं फसवलं म्हणून तू मला फसवलंस? ती म्हणाली, तू निदान पस्तिशीपर्यंत जगलास. नोकरी केलीस, गावं बघितलीस, एकदा प्रेमात पडलास, मला फोनवर सगळं सांगायचास. मी ते सगळं ऐकायचे आणि सकाळी उठून तारखा टाकायचे.

मग म्हणाली, ढब्बू, तू हुशार आहेस. निघेल काहीतरी मार्ग.

फोन ठेवला. नंतर नंबर लागत नाही.

शत्रूनं केलं असतं तर लढलो असतो. हिनं केसानं गळा कापला, आणि वर हुशार म्हणाली.

२४ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांना गाठलं. शांत, देखणा माणूस, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी काहीच नाकारलं नाही. म्हणाले, अहो, लोक देवापाशी जे मागतात ते मी फुकट देतो. जाण्याची तारीख रोज पुढे ढकलली की माणूस जात नाही. इथूनही नाही आणि जगातूनही नाही. आधी तुमच्या बहिणीला हातानं करावं लागे, एखाद दिवस चुकायची भीती असे. तुम्ही ते काम पहाटेवर सोपवलंत, फार उपकार झाले.

पक्की केली तर काय होतं, विचारलं. म्हणाले, थांबलेली वर्षं येतात. एकदम. आजारासकट.

मग ताईला का नाही आली?

ते हसले. म्हणाले, तुमची फाईल वाचलीत का कधी?

२४ फेब्रुवारी, दुपार

वाचली.

वर नाव माझं. खाली आजार: दोन्ही फुप्फुसं. प्रवेशाची तारीख: वीस वर्षांपूर्वीचा मे महिना.

तिनं अदलाबदल केली. माझे चौदा दिवस आणि माझी धडधाकट छाती तिच्या फाईलमध्ये. तिची वीस वर्षं माझ्या. आणि बटण मीच दाबलं. हातानं. बघतही नव्हतो.

२६ फेब्रुवारी

साधा मजकूर. साधी अक्षरं. कुणीही खोडू शकतं. खोडली. खरी तारीख लिहिली, आजार पुसला, जतन केलं.

सकाळी सगळं जसंच्या तसं. पुन्हा लिहिलं. पुन्हा तसंच. मॅक्रो उडवून टाकला, पहाटे पुन्हा जागच्या जागी.

डॉक्टर म्हणाले, वर्षं पुसता येत नाहीत. कुणाच्या तरी अंगावर ढकलता येतात, नाहीतर स्वतःच्या अंगावर घेता येतात. आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, सोमवारी नवी मुलगी येतेय कामाला. तिची फाईल तुम्हीच करा.

२७ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना सगळं सांगितलं. शिक्षिकेसारखं शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, माझी पक्की करा.

मी नाही म्हटलं. हात जोडले. त्या म्हणाल्या, अहो, रोज सकाळी मला वाटतं की आज मुलगा येईल. रोज. नवं कोरं वाटतं. हे तुम्हाला कळत नाही, जखमेचं काही नाही हो.

केली.

त्या व्हरांड्यातच बसल्या होत्या. आधी जखम सुकली. खपली आली, पडली. म्हणाल्या, बघा, भरली. मग केस पांढरे, मग विरळ. खांदे खाली आले. तोंडातून रक्त आलं, फार नाही. माझा हात घट्ट धरला होता, मग सैल सोडला.

शेवटी विचारलं त्यांनी, आज वार कोणता? सांगितलं, गुरुवार. त्यांनी मान हलवली. कळलं, अशी.

१ मार्च

कात्रीकाका मागे लागलेत. बाकीचेही. सगळे नाहीत. काहीजण माझ्याकडे खुन्याकडे बघावं तसं बघतात, मी दिसलो की खुर्ची फिरवतात. विणणाऱ्या आजींनी पाय धरले, माझी नको हो करू, मला राहू दे. त्यांची नाही करणार. ज्यानं त्यानं ठरवायचं. मला कुणी विचारलं नव्हतं.

खोकला वाढलाय. मरण येणार नाही, नुसता खोकला. रोज तोच.

३ मार्च, सोमवार

आली. विशी-बाविशीची. पाठीवर बॅग, कानात गाणी. बापाच्या मित्रानं पाठवलंय म्हणे, सोपं काम आहे, हवा चांगली आहे. मला काका म्हणाली. विचारलं, बॅग कुठे ठेवू.

संगणक समोरच होता. तिनं नाव सांगितलं, आपण होऊन जन्मतारीख सांगितली. मी नाव टाइप केलं. पुढचं — बोटं कळफलकावर होती. फक्त अदलाबदल. दोन ओळी. ताईला लागला असेल तेवढाच वेळ. माझी छाती मोकळी होईल, टेकडी चढून जाईन, मागे वळून बघणार नाही — सगळं दिसलं. दिसलं हे लिहून ठेवतो.

नाव खोडलं. म्हटलं, जागा भरली, परत जा. तिला वाटलं मी थट्टा करतोय. हाताला धरून फाटकापर्यंत नेली, ओरडलो, बॅग रस्त्यावर फेकली. ती रडत गेली. मला म्हातारा खवीस म्हणाली.

जाऊ दे. गेली तर खरी.

३ मार्च, नंतर

डॉक्टर संगणकाच्या खोलीच्या दारावर थापा मारतायत. बोलणं आता लोण्यासारखं नाही. कपाट आडवं लावलंय.

कात्रीकाकांची केली. त्यांनी सांगून ठेवलं होतं. खालून मोठा श्वास ऐकू आला. मग खुर्ची पडली.

आणखी तिघांची केली. ज्यांनी मागितली त्यांचीच.

आता माझी.

वीस वर्षं. तिची. ताई, तुला आज फोन लावला होता, पुन्हा. लागला नाही. माफ करतो म्हणायला लावला होता की शिव्या द्यायला, कोण जाणे. वाजला असता तर कळलं असतं.

क्रमांक टाकला.

दाबलं

काही नाही. काहीच नाही. खिडकी उघडी आहे, ऊन आहे —

थंडी वाजतेय. उन्हात. ही एका हिवाळ्याची नाही — एकावर एक येतायत — हा दुसरा — हा —

बोटं वळत नाहीत. दार —

एवढी थंडी मी कधी सोसलीच नाही, मी घरी होतो, मला गोधडी — ही माझी नाही. ताई, ही तुझी आहे. ही तुझी थं